दसऱ्याला लावून सोडलेला चार्जर

बॅटरीची आठवण होते ती मेल्यावरच. लोक गाडीचं इंजिन कौतुकानं दाखवतात, टेप मोठ्यानं लावून दाखवतात, पण बॅटरी नेमकी कुठं बसवलीय हे अर्ध्या मालकांना ठाऊक नसतं. अशा दुर्लक्षित वस्तूच्या जिवावर मी यवतमाळात दारव्हा रोडला चाळीस वर्षं दुकान चालवलं. तोंडावर सगळे मला ‘वानखडे मिस्त्री’ म्हणत आणि पाठीमागं ‘ॲसिडवाला’. माझ्या एकाही पँटला गुडघा धड नव्हता. ॲसिडचा थेंब पडला तेव्हा काहीच दिसत नाही. पँट धुतली की भोक पडतं. माझी बायको सुमन म्हणायची, “तुमच्या पँटीतून पीठ चाळता येते.”

गिऱ्हाइकं एकेक नमुना. मारेगावकडचे एक काका रानडुकरांसाठी शेताला लावायच्या झटका मशीनची बॅटरी घेऊन आले. सहा महिन्यांत बसली होती. मी विचारलं, पाणी कोणतं टाकलं? काका अभिमानानं म्हणाले, “एक नंबर पाणी टाकलं मिस्त्री. लग्नात पाहुण्याइले देतो ते, बाटलीतलं. मी सोता नाई पेत ते.” बॅटरीला डिस्टिल्ड वॉटरच लागतं. माणसाच्या अंगी लागणारे क्षार बॅटरीला मारतात, हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला. काका पटलं म्हणाले, पण जाताना तोंड पाडूनच गेले.

अशा गमती सांगत बसलो तर हा अंक पुरायचा नाही. पण ‘धंद्यातलं काही सांगा’ असं संपादकांनी म्हटलं तेव्हा मला पहिल्यांदा एकच दिवस आठवला. तो आठवला की अजून माझ्या तळहाताला घाम येतो. म्हणून तोच सांगतो.

आधी भीती कशाची ते सांगायला हवं. लोकांना वाटतं बॅटरीचा करंट लागतो. बारा व्होल्टचा काही लागत नाही. बॅटरीच्या दोन्ही खांबांना, म्हणजे प्लस-मायनसला, हात लावून उभे राहा, गुदगुलीसुद्धा होणार नाही. भीती असते ती वायूची. बॅटरी चार्ज होताना, आणि विशेषतः गरजेपेक्षा जास्त चार्ज होताना, तिच्यातल्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. मोकळ्या हवेत तो उडून जातो. कोंडलेल्या जागेत साचला आणि त्याला ठिणगी मिळाली, तर बॅटरीच फुटते आणि आतलं ॲसिड वाकून पाहणाऱ्याच्या तोंडावर येतं.

हे मी वाचलेलं नाही, पाहिलेलं आहे. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या हमीद उस्तादांच्या हातून एकदा पाना निसटला आणि चार्जिंगला लावलेल्या ट्रकच्या बॅटरीच्या दोन्ही खांबांवर आडवा पडला. दिवाळीच्या सुतळी बॉम्बपेक्षा मोठा आवाज झाला. मी बादलीतलं सगळं पाणी त्यांच्या तोंडावर ओतलं, मग खायच्या सोड्याचं पाणी कपड्यांवर ओतलं. तरी उजवा डोळा गेला तो गेलाच. त्यानंतर मी नियम कधी मोडला नाही. आधी लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला. मग काळा चिमटा बॅटरीला नाही, तर बॅटरीपासून लांब, गाडीच्या एखाद्या उघड्या लोखंडी बोल्टला. बटण सगळ्यात शेवटी. काढताना बरोबर उलटं. कारण शेवटचं टोक जोडताना ठिणगी उडतेच, आणि ती बॅटरीपाशी उडता कामा नये. हा नियम मी चाळीस वर्षं पाळला आणि त्याचा मला माज होता.

आता गाडीकडे येतो. बोरी अरबच्या पुढं एक तांडा आहे, म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. तिथले राठोड गुरुजी, निवृत्त हेडमास्तर. त्यांचा मुलगा प्रवीण पुण्यात मोठ्या नोकरीत. त्यानं हौसेनं एक परदेशी स्पोर्ट्स कार घेतली. लाल भडक, दोनच सीटची, पोट जमिनीला टेकलेली. वर्षभरात कंपनीनं त्याला जर्मनीला धाडलं. गाडी विकवेना, पुण्यात ठेवायला जागा नाही. मग ती ट्रकवर चढून तांड्यात आली. तांड्याच्या रस्त्यावर तिचं पोट घासायला लागलं, तेव्हा शेवटचा पल्ला लोकांनी चाकाखाली फळ्या टाकत टाकत तिला चालवलं. गुरुजींनी तिच्यासाठी घराशेजारची टिनाची शेड रिकामी केली. खिडकी नाही, एकच शटर. प्लग मागच्या भिंतीला, म्हणून गाडीचं तोंड मागच्या भिंतीकडे.

अशा गाडीचं एक दुखणं असतं. ती उभी असली तरी झोपत नाही. अलार्म, कुलूप, आतला कॉम्प्युटर, सगळे थोडी थोडी वीज पीत राहतात. दीड-दोन महिन्यांत बॅटरी रिकामी. म्हणून तिला मेंटेनर लावतात. मेंटेनर म्हणजे पुस्तकाएवढा डबा. तो बॅटरीला हळूहळू भरतो, भरली की स्वतःच थांबतो, उतरली की पुन्हा थोडी देतो. महिनोन्‌महिने लावून ठेवा, काही होत नाही. प्रवीणनं तो डबा गाडीसोबतच पाठवला होता आणि तो मीच जोडून दिला होता. त्या दिवशी गुरुजींच्या बायकोनं मला ज्वारीची भाकरी अन्‌ ठेचा खाऊ घातला. बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. सगळा तांडा त्यांना याडी म्हणतो, मीही म्हणायला लागलो.

पुढं काय झालं, तर याडीनं एक दिवस मेंटेनरचा प्लग काढून तिथं कडबाकुट्टीची मशीन लावली, आणि डब्याचा प्लग परत लावायचा राहून गेला. चार महिने. दसऱ्याच्या दोन दिवस आधी गुरुजींचा फोन आला. “मिस्त्री, गाडी मेली. दार उघडत नाई, डिकी उघडत नाई. प्रवीण तिकून ओरडून राह्यला माह्यावर.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी गेलो. या गाडीचं इंजिन मागं आणि डिकी पुढं, आणि बॅटरी त्या पुढच्या डिकीत. डिकीचं कुलूप विजेवर. म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत जायची वाटच बंद. रिमोटच्या पोटात लपवलेली चावी काढून दार उघडलं, आतल्या फ्यूजच्या पेटीतून छोट्या बॅटरीची वीज दिली, तेव्हा डिकीनं टक्‌ करून तोंड उघडलं. गुरुजींनी त्याचा व्हिडिओ काढला आणि फोन लागतो त्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन प्रवीणला धाडला. “काका, कमाल आहे तुमची,” त्याचं उत्तर आलं. खोटं कशाला बोलू, मी फुगलो.

मग मेंटेनर लावला, तर त्याच्यावर लाल दिवा. हे डबे हुशार असतात. बॅटरी अगदीच रिकामी असली तर ते तिला ओळखतच नाहीत. अशा वेळी जुन्या पद्धतीच्या चार्जरनं तिला थोडी जागी करायची आणि मग मेंटेनरवर टाकायची, हा रिवाज आहे. माझा जुना चार्जर स्कूटीवर होताच. रिवाज असाही आहे की जुना चार्जर लावला की मिस्त्रीनं तिथून हलायचं नाही, कारण त्याला थांबायचं कळत नाही. तो देत राहतो.

मी लावला, आणि दहा मिनिटांत लाईन गेली. दुपारचे तीन वाजले, तरी आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला नागपूरला निघायचं होतं. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून दसरा म्हणजे आमच्या घरी दीक्षाभूमी. घरचे सगळे जातात आणि चाळीस वर्षांत माझी एकही खेप चुकली नव्हती. लाईनची चौकशी करायला टाकीपाशी दोनदा गेलो, तर दोन्ही वेळा सुमनचा फोन आला, शिदोरी बांधायची, कपडे भरायचे. मी गुरुजींना म्हणालो, “लाईन आली की हे आपोआप सुरू होईन. राहू द्या तसंच. परवा येतो अन्‌ मेंटेनरवर टाकतो.”

“काई होणार नाई ना?” गुरुजींनी विचारलं.

“माह्या चार्जरनं आजपर्यंत कोनाचं काई बिघडवलं नाई,” मी म्हणालो. डिकी बंद होऊन पुन्हा अडकू नये म्हणून झाकणाखाली कापडाची गुंडाळी ठेवली. उंदीर शिरू नयेत म्हणून वरून गाडीचं प्लास्टिकचं कव्हर ओढलं, खाली नीट खोचलं, आणि शटर पाडून निघालो.

सकाळची एसटी भरलेली होती. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, लेकरं, डबे. कळंब आलं. गावाबाहेर एका जेसीबीला झेंडूचा हार घातला होता आणि मालकाची बायको त्याच्या पुढ्यात ताट ओवाळत होती. ताटात निरांजन. मी खिडकीतून सहज पाहिलं. एसटी पुढं गेली, आणि मी सीटवरून उठून उभा राहिलो.

गाड्यांची पूजा. दसऱ्याला लोक गाड्या पुजतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात हळदीकुंकवानं माखलेल्या बॅटऱ्या यायच्या, खांबांवर तांदूळ चिकटलेले असायचे. पण तो दिवस मी कधी यवतमाळात काढलाच नव्हता. माझ्या डोक्यात दसऱ्याला दिवा पेटतच नव्हता. याडी मात्र आज गाडी पुजणारच. तोंडाकडून पुजणार, कारण गाडीचं तोंड म्हणजे देवाची जागा. आणि त्या गाडीच्या तोंडातच बॅटरी, झाकण किलकिलं, वरून कव्हर, आणि रात्रभर थांबायचं न कळणारा माझा चार्जर. पहाटे गावातला भार उतरतो, तेव्हा लाईनचा दाब वाढतो. जुना चार्जर त्या वेळी दुप्पट जोरानं देतो. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी कव्हर मी माझ्या हातानं खोचलं होतं.

मी गुरुजींना फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. तांड्यात पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं तरच फोन लागतो. दुसरा कुणाचा नंबर माझ्याजवळ नव्हता. प्रवीणला लावला, तिकडं रात्र होती, तो उचलेना. पुन्हा गुरुजींना लावला, पुन्हा प्रवीणला.

“काय झालं?” सुमननं विचारलं. मी सांगितलं. तिनं मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाली, “अन्‌ तुमी इथं बसून काहून राह्यले? उतरा. मी जातो सगळ्याइसोबत.”

कंडक्टरनं घंटी दिली, मी उतरलो. यवतमाळकडे झेंडू नेणारं एक पिकअप मिळालं. मागं फुलांच्या ढिगावर बसून मी बोरीच्या लाईनमनला, मोहनला, फोन लावला. “मोहन, तांड्याची लाईन पाड.”

“आज? दसऱ्याच्या दिवशी? लोक मले जिवंत ठेवतीन काय मिस्त्री? अन्‌ मी दारव्ह्याले सासऱ्याकडं हाये.”

“कोनालेही सांग, पण पाड. चार्जर राह्यला माह्या तिथं. कोनाचे डोळे जातीन बाप्पा.” माझा आवाज ऐकून त्यानं पुढं काही विचारलं नाही. दहा मिनिटांत त्याचा फोन आला, पाडली म्हणून. मला जरा श्वास आला. चार्जर थांबला होता. पण साचलेला वायू कुठं जाणार होता? तो कव्हरखाली तसाच होता, आणि गाडीजवळ कुणी जाऊ नये एवढंच मी फुलांवर बसून मनात घोकत होतो.

यवतमाळच्या स्टँडवरून माझी स्कूटी काढली. बोरीपर्यंतचा रस्ता त्या दिवशी किती लांब होता ते सांगता येत नाही. गावोगावी ट्रॅक्टर धुऊन उभे, हार, नारळ, ओवाळणाऱ्या बाया. प्रत्येक ताटातली ज्योत पाहिली की मी स्कूटीचा वेग वाढवत होतो. मला उस्तादांचा चेहरा दिसत नव्हता, याडीचा दिसत होता. सत्तरीची बाई, चष्मा लावून वाकलेली. मी स्वतःला शिव्या देत होतो, मोठ्यानं, हेल्मेटमध्ये.

तांड्यात शिरलो. शेडचं शटर वर होतं. गुरुजी दारात उभे, हातात नारळ. ते हसले. “या मिस्त्री, तुमी तं नागपूरले गेलते ना? पाहा ना, ऐन पुजेच्या टायमाले लाईन गेली, तासभर वाट पाह्यली. आतमंदी काईच दिसत नाई, म्हणून याडी दिवा घेऊन समोर गेली.”

लाईन मी पाडली होती. शेडमधला बल्ब मी विझवला होता. ती बाई अंधारात निरांजन घेऊन गाडीच्या तोंडाशी गेली होती ती माझ्यामुळे.

मी आत पाहिलं. भिंत आणि गाडी यांच्या मधल्या बोळकांडीत याडी उभी होती. डाव्या हातात ताट, त्यात तुपाची पेटलेली वात. उजव्या हातानं कव्हरचं टोक ती वर उचलत होती, टिळा लावायला. मला ओरडायचं होतं, पण ओरडलो तर ती दचकेल, ताट पडेल. शेडमध्ये सडक्या अंड्यांचा वास भरला होता. हायड्रोजनला वास नसतो, पण बॅटरी अति तापली की तिच्यातून दुसराही एक वायू सुटतो, त्याचा हा वास. म्हणजे माझं भेव खरं होतं.

“याडी,” मी शक्य तेवढ्या हळू म्हणालो, “कव्हर सोडा. हलू नका.”

“काहून? उंदीर मेला वाटते इथं, पाह्यतो ना मी,” ती म्हणाली.

“साप हाये,” मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही. तिनं कव्हर सोडलं आणि दगडासारखी थांबली. मी तिच्यापर्यंत गेलो. दहा पावलं असतील. ताट तिच्या हातातून घेतलं. फुंकर मारायला तोंड पुढं केलं, तर तिनं माझा दंड धरला. “दसऱ्याचा दिवा फुकत नाईत.” मग ती पेटती ज्योत मी छातीशी धरून, हातानं आडोसा करून, त्या वासातून बाहेर चालत आणली. अंगणात तुळशीपाशी ताट ठेवलं आणि तिथंच खाली बसलो. शर्ट पिळून काढता आला असता.

शटर उघडं ठेवून तासभर कुणाला आत जाऊ दिलं नाही. मग कव्हर काढलं. बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगून आल्या होत्या. हात लावला तर अजून गरम. प्लग उपटला, काळा चिमटा काढला, मग लाल. साप नव्हता हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. तांड्यातली माणसं जमली होती आणि गुरुजी त्यांना सांगत होते, मिस्त्री आपल्यासाठी दीक्षाभूमीची वारी सोडून आले, अर्ध्या रस्त्यातून. कुणीतरी माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली. गप्प राहिलो असतो तर त्या दिवशी मी देवमाणूस ठरलो असतो. गप्प राहायची इच्छा झाली, हेही लिहून ठेवतो.

लोक पांगल्यावर मी गुरुजींना सांगितलं. जुना चार्जर सोडून जायचा नसतो. कव्हर घालायचं नसतं. लाईनही मीच पाडली. “याडीले काई झालं असतं तं त्याचा धनी मी होतो.”

गुरुजी खाली बसले. चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “ज्यानं आपली चूक सोता दाखवली त्या पोराचे मार्क मी कधी कापले नाई मिस्त्री. आज कापावे वाटून राह्यले. तुमी आता जा.” मी गेलो.  आपण रागावलेल्या माणसाला तोंड देऊ शकतो. रागही न करता ‘जा’ म्हणणाऱ्या माणसाला नाही.

आठ दिवस फोन नाही. दुसरा मिस्त्री बघितला असेल, आणि बघायलाच पाहिजे, असं मी मनाशी धरलं. नवव्या दिवशी फोन आला तो याडीचा, टाकीपाशी उभं राहून केलेला. “नवी बॅटरी आली पोस्टानं. प्रवीणनं धाडली. या अन्‌ लावून द्या.” मी म्हणालो, दारव्ह्यात चांगला माणूस आहे, त्याचा नंबर देतो. ती म्हणाली, “नंबर कायले? तुमी या.”

गेलो. गुरुजी खाटेवर पेपर वाचत होते. मान हलवली, उठले नाहीत. शटर पूर्ण वर, कव्हर पार काढून ठेवलं. नवी बॅटरी बसवली. मेंटेनरचा लाल चिमटा प्लसला लावला. काळा चिमटा हातात घेतला आणि डिकीतला बोल्ट पाहिला. बॅटरी नवी, भरलेली, डब्याचा प्लग काढलेला. ठिणगी उडायचं काहीच कारण नव्हतं. हे मला चांगलं कळत होतं. तरी चिमटा बोल्टपर्यंत नेला आणि परत मागं घेतला.  याडी शेजारी उभी होती, मोबाइलचा टॉर्च माझ्या हातावर धरून, तोंड माझ्याइतकंच पुढं काढून.

“याडी, तुमी बाहेर थांबा.”

“काहून?”

“भेव वाटते मले.”

“तुमी आतमंदी हाये ना?” ती म्हणाली. “मंग मी काहून बाहेर जाऊ?”

चिमटा दोनदा बोल्टवरून घसरला. तिनं उजेड डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं माझं मनगट धरलं, आणि चिमटा बोल्टला बसेपर्यंत सोडलं नाही.